पंपाची जुनी पिकअप की सेन्सरची नवी?

तासगाव-मिरजेकडं द्राक्षाचा माल जानेवारीत निघायला लागतो आणि एप्रिलमध्ये बागा रिकाम्या होतात. कोरेगावकडचं आलं, सांगलीच्या यार्डातली हळद, वाई-महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, खटावचा बटाटा, प्रत्येकाचे महिने ठरलेले. घरच्या मालासाठी आणि शेजारच्या चार बागांच्या भाड्यासाठी घेतलेली पिकअप वर्षातले पाच-सहा महिने पळते आणि उरलेले महिने शेडमध्ये उभी राहते. हप्ता मात्र बाराही महिने येतो. नवी घ्यायची की जुनी, हा हिशोब इथून मांडायला घ्यावा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शेत ते मार्केट यार्ड असा ३० ते ६० किलोमीटरचा फेरा, वर्षाला १०-१५ हजार किलोमीटर, गाडी घरचाच माणूस चालवणार आणि तालुक्याला ओळखीचा डिझेल मिस्त्री आहे, एवढं जुळत असेल तर यांत्रिक पंपाची जुनी पिकअप घ्यावी. रोज वाशीला माल पोचवायचा असेल, पगारी ड्रायव्हर ठेवायचा असेल, महिन्याला पाच हजार किलोमीटर पडणार असतील, तर नवी घ्यावी आणि पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आकडे बघू. ८ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, ५ वर्षं धरली तर हप्ता साधारण १७,४०० रुपये येतो, म्हणजे वर्षाला २ लाख ९ हजार. पाच वर्षांत नुसतं व्याज २ लाख ४० हजारांच्या वर जातं. आता नव्या गाडीचं अ‍ॅव्हरेज. लोडवर जुनी ११ आणि नवी १४ देते असं धरा. वर्षाला १२ हजार किलोमीटरला जुनीला १,०९१ लिटर लागतं आणि नवीला ८५७. फरक २३४ लिटरचा, ९० रुपये दरानं २१ हजार रुपये. दोन लाखांचा हप्ता २१ हजारांच्या बचतीनं फिटत नाही. हेच वर्षाला ६० हजार किलोमीटर झाले तर डिझेलची बचत लाखाच्या वर जाते, वर जुन्या गाडीची मोडतोडही वाढते, आणि हिशोब नव्याकडं झुकतो. कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी आपल्या किलोमीटरचा आकडा आपणच काढावा.

पंपाचं इंजिन आणि सेन्सरचं इंजिन

जुन्या डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनच्या, इंजिनात डिझेलचा पंप इंजिनाच्याच फिरण्यावर चालतो. त्यातून चार नळ्या निघतात, प्रत्येक नळी एका नोझलला जाते आणि साधारण २०० बारच्या आसपास दाब आला की नोझल स्प्रिंगच्या विरोधात उघडतं. एवढाच कारभार. इंजिन चालू राहायला वीज जवळजवळ लागत नाही. रोटरी पंपावर डिझेल बंद करणारं एक सोलेनॉइड असतं, त्याला फक्त १२ व्होल्ट लागतात. त्याची तार तुटली तर गाडी जागेवर बंद पडते, आणि बॅटरीवरून फ्यूज घालून एक सरळ तार दिली की पुन्हा चालू होते. इनलाइन पंपाच्या गाडीत तर इंजिन बंद करायला ओढायची दोरी असते, तिथं हाही प्रश्न नाही.

सेन्सरच्या इंजिनात, म्हणजे कॉमन रेलमध्ये, दाब १६०० बार आणि त्याहून वर जातो. नोझल कधी उघडायचं आणि किती वेळ, ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो, आणि ठरवण्यासाठी क्रँक, कॅम, रेल प्रेशर, हवा, पाणी, अ‍ॅक्सिलरेटर अशा सगळ्या सेन्सरकडून त्याला निरोप यावा लागतो. इंजिन म्हणून ते चांगलंच आहे: कमी आवाज, कमी धूर, जास्त ओढ. पण डिझेलमध्ये थोडं पाणी आलं तरी त्या दाबाखाली नोझलची टोकं खराब होतात, आणि दुरुस्ती गावातल्या बाकावर होत नाही. शेडमध्ये दोन महिने उभ्या असलेल्या गाडीच्या वायरिंगला उंदीर लागतात, हे खेड्यातलं नेहमीचं दुखणं आहे. जुन्या गाडीत उंदरानं तार कुरतडली तर हॉर्न किंवा दिवा जातो. नव्या गाडीत सेन्सरची तार गेली की इंजिन स्वतःला जपायला ताकद कमी करतं, आणि भरल्या गाडीला पसरणी घाटात ते परवडत नाही.

खरी अडचण मात्र धुराच्या जाळीची, म्हणजे डीपीएफची. बीएस ६ या धुराच्या नव्या नियमांच्या अनेक डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी ही जाळी बसवलेली असते. साचलेली काजळी जाळून टाकायला आतलं तापमान ५५० ते ६०० अंशांपर्यंत चढवावं लागतं, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगानं चालावी लागते. मळ्यातून रस्त्यावर, रस्त्यावरून वजनकाट्यावर, तिथं अर्धा तास इंजिन सुरू ठेवून रांगेत, परत सहा किलोमीटर घरी, अशा चालीत जाळी तापतच नाही. इंजिन काजळी जाळायला जादा डिझेल सोडतं, ते पुरं व्हायच्या आत आपण गाडी बंद करतो, आणि त्यातलं काही डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या जागी वाढलेलं दिसतं ते यामुळं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला आणि टर्बोला मारतं. काही गाड्यांत याशिवाय युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफ लागतं. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो. पोत्यातला युरिया विहिरीच्या पाण्यात कालवून भरणाऱ्यानं ती सगळी यंत्रणा बदलायची तयारी ठेवावी. नवी गाडी घेणारच असाल तर शोरूममध्ये दोनच प्रश्न विचारा: डीपीएफ आहे का, डीईएफ लागतं का. दोन्हीची उत्तरं ‘नाही’ आली तर आपल्या कामाला ती गाडी बरी.

साल बघताना दोन तारखा ध्यानात ठेवाव्यात. १ एप्रिल २०१७ पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं देशभर बीएस ३ गाड्यांची विक्री थांबली, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ सुरू झालं. यांत्रिक पंपाची पिकअप हवी असेल तर शोध मुख्यतः मार्च २०१७ पर्यंतच्या गाड्यांतच घ्यायचा. २०१७ ते २०२० मधल्या बीएस ४ गाड्या बहुतेक कॉमन रेलच्या आहेत, पण त्यांतल्या बऱ्याचशांना डीपीएफ नाही. ही मधली वाट वाईट नाही. वायरिंग सांभाळायची आणि डिझेल फिल्टर वेळेवर बदलायचा, एवढं पथ्य पाळणाऱ्यानं ती घ्यावी.

जुन्या गाडीची खोड लपवण्यात अर्थ नाही. ती धूर जास्त सोडते. तिला एबीएस नाही, एअरबॅग नाही, आणि ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी जोरात ब्रेक मारला की मागून घसरते. तिला ५०-६० च्या वेगात चालवायचं, ही किंमत आहे. हायवेवर ९० नं पळवायची असेल तर ती गाडी तुमची नव्हे.

कोणती बघावी

आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसते ती महिंद्राची २५२३ सीसी डीआय इंजिनाची बोलेरो पिकअप. स्पेअर पार्ट तालुक्याच्या गावात मिळतात, हेच तिचं मोठं बळ. टाटा २०७ डीआयचं इंजिन २९५६ सीसीचं, टर्बो नसलेलं, जाड हाडाचं. ते चढाला सावकाश ओढतं पण वजनाला डगमगत नाही. केबिन कडक आहे, स्टिअरिंग जड आहे, पण घरी ज्याला मिस्त्रीकाम थोडंफार येतं त्यानं हीच बघावी असं मला वाटतं. २००५ साली आलेला टाटा एस, आपला छोटा हत्ती, ७०२ सीसी, दोन सिलिंडरचा. गल्लीबोळात दूध, भाजी, पाण्याचे जार फिरवायला उत्तम. पण बऱ्याचदा त्यावर दीड टन ऊस किंवा वाळू घातलेली असते आणि मग हेड गॅस्केट उडतं. जुना छोटा हत्ती घेताना आधीच्या मालकाचा धंदा काय होता ते विचारावं, किलोमीटर नंतर.

वजनाचं आधी ठरवून घ्या. द्राक्षाच्या कॅरेटात २० किलो माल, कॅरेटाचं वजन दीड-दोन किलो. ६० कॅरेट म्हणजे १,३०० किलोच्या आसपास. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं एकूण वजन दोन्ही असतात. वजाबाकी करा, त्यातून ड्रायव्हर आणि हमाल वजा करा, तेवढीच तुमची क्षमता. जादा वजनाचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा आहे. दंडाचं जाऊ द्या, जादा पाटा (स्प्रिंगची पट्टी) टाकून वजन वाढवणाऱ्याला हे कळायला हवं की पाटा वजन पेलतो, पण मागच्या एक्सलची हाऊसिंग, बेअरिंग, ब्रेक आणि टायर तेच राहतात. मग मोड तिथं होते.

बघायला जाल तेव्हा

गाडी सकाळी, थंड असताना बघायची. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर त्या दिवशी इंजिनाचं काही बोलू नका, दुसऱ्या दिवशी परत जा.

पण इंजिनाच्याही आधी चासी. इंजिन बांधता येतं, चासी गेलेली गाडी भंगारच. अंगाखाली पोतं टाकून आडवं व्हा, टॉर्च आणि छोटा हातोडा घ्या. मागच्या पाट्याचे हँगर जिथं चासीला रिव्हेट केलेले असतात त्या जागा, केबिनच्या मागची जागा आणि आडव्या पट्ट्यांचे सांधे हातोडीनं वाजवून बघा. निरोगी पत्रा खणखणतो, आतून गंजलेला बद्द वाजतो. खत, शेणखत, मीठ, मळी वाहिलेल्या गाडीची चासी हौद्याच्या खालून सडते, कारण ओलं खत फटींतून गळून आडव्या पट्ट्यांवर साठतं आणि कुणी धूत नाही. वेल्डिंगच्या रेघा किंवा आतून मारलेली जादा पट्टी दिसली तर कारण विचारा. ताजा काळा रंग फक्त चासीलाच फासलेला असेल तर तो खरवडून बघायचा हक्क मागा. नाही म्हणाला तर निघा.

चासी वाकलीय का, ते दोरीनं कळतं. पुढच्या डाव्या पाट्याच्या पिनपासून मागच्या उजव्या पाट्याच्या पिनपर्यंत आणि मग उलट तिरकं, अशी दोन मापं घ्या. सपाट जागेवर फरक ५-६ मिलिमीटरच्या आत हवा. एका बोटाचा फरक म्हणजे गाडीनं कुठंतरी मोठा मार खाल्लाय. मागचे टायर आतल्या बाजूनं जास्त झिजलेले असतील तर एक्सलची हाऊसिंग ओव्हरलोडनं वाकलेली असू शकते. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर नक्षी चांगली असली तरी किमतीत धरू नका.

सांगली भागात घेताना एक जादा परीक्षा घ्यावीच लागते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्या धुऊन, रंगवून बाजारात येतात आणि चारचौघींसारख्याच दिसतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, शेवटच्या वितीवर गाळाचा पट्टा राहतो. सीटखालचे स्क्रू, हेडलाइटच्या आतली कड, फ्यूज बॉक्सचा मागचा भाग, दाराच्या पोकळीचा तळ, डॅशबोर्डच्या मागचे कप्पे इथं बोट फिरवा. पुराची माती बारीक, मऊ आणि तपकिरी असते. ती रस्त्याच्या धुळीसारखी झटकून जात नाही. मग मागच्या डिफरन्शियलचा भरायचा बोल्ट उघडून बोट घाला. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. हाऊसिंग पाण्यात बुडाली की ब्रीदरमधून आणि सीलमधून पाणी आत जातं, आणि मग बेअरिंगला खड्डे पडतात. पुरातली पंपाची गाडी नीट खोलून साफ केलेली असेल तर घेता येते, पण किंमत त्या हिशोबानं पाडून. सेन्सरची गाडी पुरातली असेल तर फुकटही नको; कनेक्टरमधला हिरवा गंज वर्षभरानं त्रास द्यायला लागतो.

आता इंजिन. थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा. पाण्यावर तेलाचा तवंग नको, आणि पाणी मातकट नको. डिपस्टिकवरचं ऑइल काळं असणारच, डिझेलचं ते तसंच असतं. दुधाळ किंवा पाण्यासारखं पातळ नको. झाकण उघडंच ठेवून गाडी चालू करायला सांगा. चांगलं इंजिन दोन-चार सेकंदांत पकडतं. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट किंवा हेडला चीर. सुरुवातीचा पांढरा धूर मिनिटाभरात जायला हवा. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर टिकून राहिला तर नोझल किंवा कॉम्प्रेशन कमी, निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रेस मारताना क्षणभर काळा येणं चालतं. सतत काळा येत असेल तर एअर फिल्टर तुंबलाय, नोझल ठिबकतंय, किंवा कुणीतरी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलंय. शेवटचं फार चालतं आपल्याकडं. ओढ वाढते म्हणून स्क्रू फिरवतात आणि पिस्टनची डोकी जळतात.

इंजिन गरम झालं की ऑइल भरायचं झाकण सोडवून उलटं तोंडावर ठेवा. हलकं थरथरलं तर ठीक. उडून खाली पडलं किंवा धुराचे झोत आले तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगा आणि स्लीव्ह गेल्यात. शंका राहिली तर डिझेल पंप-नोझल दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडून कॉम्प्रेशन मोजून घ्या. निरोगी डीआय इंजिन साधारण २५ ते ३० बार दाखवतं. सगळे सिलिंडर एकमेकांच्या ३ बारच्या आत हवेत. एखादाच २० च्या खाली असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंग, चारही खाली असतील तर इंजिन बांधायचा खर्च आजच किमतीतून वजा करा. बोअरिंग, क्रँक घासणं, हेड फेसिंग ही कामं कोल्हापूरच्या उद्यमनगरात व्यवस्थित होतात, त्यामुळं इंजिन कमजोर म्हणून चांगल्या चासीची गाडी सोडू नये. उलटं मात्र कधीच करू नये.

चालवून बघायला साताऱ्याकडच्यांना यवतेश्वरचा घाट आहे, गावाला लागूनच. रिकामी नेऊ नका, हौद्यात पाच-सहाशे किलो काहीतरी टाका. चढताना काट्याकडं बघा: काटा मध्यावर येऊन थांबायला हवा, चढतच राहिला तर रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा वॉटर बॉडी (पाण्याचा पंप). उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सोडून द्या. गिअर आपोआप बाहेर उडाला तर गिअर बॉक्स खोलावा लागणार. सपाटीला चौथ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आवाज वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लच प्लेट संपलीय. मागून येणारा आवाज कधी येतो ते नीट ऐका. रेस दिल्यावर रडतो आणि सोडल्यावर बदलतो, तर क्राऊन-पिनियन. सारखाच घरघरतो, तर बेअरिंग. गाडी सुटताना ‘टक्’ वाजतं, तर जॉइंटचा क्रॉस, आणि तो स्वस्तातला.

ब्रेकची एक जागा बहुतेकजण विसरतात. अनेक डिझेल पिकअपमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या मागच्या टोकाला बसवलेला असतो आणि त्याला इंजिनाचं ऑइल जातं. त्याचा सील गेला की ऑइल डायनामोत उतरतं, डायनामो जळतो, आणि त्याच वेळी ब्रेक पॅडल दगडासारखं होतं. तपासणी सोपी: इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि चालू करा. पॅडल पायाखाली थोडं खाली जायलाच हवं. नाही गेलं तर आधी डायनामोचं बूड तेलकट आहे का बघा. पुढं सरळ एक्सल असलेल्या गाडीचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. ब्रेक दाबून धरल्यावरही तोच ढिलेपणा राहिला तर किंग पिन, गेला तर चाकाचं बेअरिंग.

कागद

आरसीवरचा चासी नंबर आणि चासीवरचा ठोकलेला नंबर स्वतः वाचा, फोटोवर विश्वास नको. एम-परिवहन अ‍ॅपवर कर, फिटनेस, विमा, चलन आणि कर्जाचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. एमएच १०, एमएच ११ आणि एमएच ५० एकाच राज्यातले, त्यामुळं सांगलीची गाडी साताऱ्याला किंवा कराडला आणताना अडचण फार नाही. पण ‘नाव नंतर करू’ म्हणून वर्षभर दुसऱ्याच्या नावावर गाडी चालवणारे अपघातात अडकतात, आणि विकणाराही अडकतो. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीचं पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी, दरवर्षी असतं, आणि पंधरा वर्षांनंतर त्याची फी चांगलीच वाढते. म्हणून १३-१४ वर्षांची गाडी घेताना पुढच्या दोन वर्षांचं पासिंग किमतीत धरा. दिल्लीकडची दहा वर्षांची डिझेलबंदी इथं लागू नाही. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी बसलीय का तेही बघून घ्या. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, त्यावर गेलं की लागतं. आणि नोव्हेंबर २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, ही मोठी सोय झाली.

घरी आणल्यावर पहिला आठवडा

आधीच्या मालकानं सगळं बदललंय असं सांगितलं तरी सगळं बदला. इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४० डिझेलचं, फिल्टरसकट. गिअर बॉक्सला ८०डब्ल्यू-९० जीएल-४ आणि डिफरन्शियलला जीएल-५; दोन्हीकडं एकच डबा ओतू नका, कारण जीएल-५ मधली रसायनं गिअर बॉक्समधल्या पितळी रिंगांना खातात. ब्रेक ऑइल पूर्ण उपसून नवं, झाकणावर लिहिलेल्या डॉट नंबरचंच. डिझेलचे फिल्टर दोन्ही बदला आणि टाकी खाली उतरवून धुवा. महिनोनमहिने अर्धी ठेवलेली टाकी आतून घाम धरते आणि तळाला पाणी, गंज, शेवाळासारखा चिकटा साठतो. ऑइल बाथवाला एअर फिल्टर असेल तर त्यातला गाळ काढून खुणेपर्यंतच नवं ऑइल भरा.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. माण-खटावचं असो की मिरजेच्या पूर्वेकडचं, पाण्यात क्षार आहेत आणि ते इंजिनाच्या पोटात थर धरतात. मग रेडिएटर नवा टाकला तरी गाडी तापते. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. मग टप्पेट फिलर गेजनं कंपनीच्या आकड्याला लावून घ्या, नोझल पंपवाल्याकडं तपासून घ्या, आणि नोझल परत बसवताना तांब्याचे वायसर नवेच टाका. जुना वायसर परत टाकला तर कॉम्प्रेशन गळतं आणि नोझल इतकं घट्ट बसतं की पुढच्या वेळी हेड उतरवायची पाळी येते. आता मिळणाऱ्या कमी गंधकाच्या डिझेलवर जुनं इंजिन नीट चालतं, फक्त पंपाचे जुने रबरी सील आकसून पंप पाझरू शकतो. तसं झालं तर सील किट विटॉन रबराचं मागा. ग्रीस पाट्याच्या पिनांना, किंग पिनला आणि क्रॉसला, जुनं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत; पुढं हंगामात दर पंधरा दिवसांनी.

गाडीत कायम ठेवायच्या वस्तू थोड्याच: १०, १३, १७, १९ चे पाने, डिझेल फिल्टर एक, फॅन बेल्ट एक, दोन मीटर डिझेलची नळी आणि क्लिपा, फ्यूज, जाड तार, टॉर्च, पाच लिटर पाणी. यातल्या निम्म्या वस्तू एकाच कामासाठी आहेत, हवा काढण्यासाठी. डिझेल संपलं किंवा फिल्टर बदलला की नळ्यांत हवा अडकते आणि सेल्फ कितीही मारला तरी गाडी पकडत नाही, उलट बॅटरी बसते. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू दोन आटे सैल करा, हातपंप दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल. डिझेल येत असतानाच स्क्रू आवळा. तरीही पकडली नाही तर दोन नोझलांच्या नळ्यांचे नट १७ च्या पान्यानं सैल करा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, नटातून डिझेल उडायला लागलं की आवळून घ्या. तोंड आणि हात त्या नटापासून लांब ठेवा, दाबाचं डिझेल कातडीत शिरतं. सेल्फ दहा सेकंदांच्या वर सलग मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. हे काम एकदा घराच्या अंगणात, दिवसाउजेडी करून बघा. पहिल्यांदा करायची वेळ कुंभार्ली घाटात पावसात येऊ नये.